यादीतली माणसं परत का येत नाहीत? एचआयव्ही सेवेतल्या समुदाय कार्यकर्त्यांच्या कामाबद्दल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला आहे की नाही ते तुम्हाला बघता येईल. एचआयव्ही उपचार केंद्राला जोडलेल्या समुदाय आरोग्य कार्यकर्त्यांचं समन्वयन तुमच्याकडे नुकतंच आलं आहे. औषधं न्यायला न आलेल्यांची यादी दर महिन्याला निघते, ती कार्यकर्त्यांमध्ये वाटली जाते, ते फोन करतात, घरी जातात. काहीजण येतात, औषध नेतात, आणि थोड्याच महिन्यांत पुन्हा ये रे माझ्या मागल्या. वरिष्ठ म्हणतात, भेटींचं लक्ष्य वाढवा. डॉक्टर विचारतात, या लोकांचा नेमका उपयोग काय? म्हणून तुम्ही विचारलं आहे की त्यांना कोणतं काम द्यावं, ते स्वतः एचआयव्हीसह जगणारे असावेत की बाहेरचे प्रशिक्षित, आणि त्यांचं काम मोजायचं कसं.

मी आधी समुपदेशक होते, नंतर कार्यकर्त्यांची पर्यवेक्षक झाले. त्या कामातून जे समजलं ते सांगते. तुमची अडचण भेटींच्या संख्येत नाही. कार्यकर्ता त्या माणसापर्यंत पोहोचतो, तो का येत नाही हे त्याला कळतं, पण कळलेलं कारण केंद्रात कुणाच्याही टेबलावर येत नाही. यादी आतून बाहेर जाते, कारणं बाहेरून आत येत नाहीत. समोरच्याला द्यायला कार्यकर्त्याकडे ‘केंद्रात या’ यापलीकडे काही नसतं. अशा भेटी दुप्पट केल्या तर तीच विनवणी दुप्पट वेळा होईल, एवढंच.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करते. केंद्रात औषधांचा साठाच वरचेवर संपत असेल तर आधी ते सोडवा. रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाला पुन्हा बोलवायला कुठल्याही कार्यकर्त्याकडे तोंड उरत नाही. समलिंगी संबंध, देहविक्री किंवा अमली पदार्थांचं सेवन जिथे कायद्याने गुन्हा ठरतं, तिथे घरभेटीचे नियम वेगळे असतील. दाट वस्तीत एका दिवसात जमणारं काम विखुरलेल्या वस्त्यांमध्ये जमणार नाही. पण माणूस औषध का सोडतो आणि पुन्हा का धरतो, याची मुळं मला सगळीकडे बरीच सारखी दिसली आहेत.

औषधाचं महत्त्व माहीत नव्हतं, हे कारण फार क्वचित निघतं. ज्याला ही औषधं सुरू झाली आहेत त्याला त्यांचं महत्त्व आपण इतक्यांदा सांगितलेलं असतं की तो ते पाठ म्हणून दाखवेल. खरी कारणं वेगळी असतात. कामाची पाळी आणि केंद्राची वेळ एकच असते. घरात कुणालाच माहीत नसतं आणि गोळ्यांची बाटली लपवायला जागा नसते. नवं नातं जुळलेलं असतं आणि सांगायचं कसं हा पेच असतो. दारू असते, किंवा महिनोन्महिने उतरलेलं मन असतं आणि कुणी त्याला आजार समजलेलं नसतं. कधी तब्येत छान असते, म्हणून ‘आता कशाला’ असं वाटतं. आणि एक कारण केंद्रातली माणसं ऐकायला तयार नसतात: मागच्या वेळी उशीर झाला तेव्हा खिडकीवर सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली होती.

काही कारणं तर इतकी छोटी असतात की ऐकून हळहळ वाटते. एफाविरेन्झ असलेली जुनी गोळी रात्री झोपताना घ्यायला सांगत, कारण तिने चक्कर यायची, विचित्र स्वप्नं पडायची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बहुतेक सगळ्यांसाठी डोल्युटेग्राविर असलेली औषधयोजना पहिली पसंती ठरवली, आणि बऱ्याच जणांच्या गोळ्या बदलल्या. पण ‘रात्री नऊलाच’ हा जुना नियम डोक्यात तसाच राहिला. रात्रपाळीचा माणूस नऊला कामावर असतो, वेळ हुकली की तो त्या दिवशीची गोळी सोडून देतो, आणि असे दिवस साचत जातात. नवी गोळी दिवसातल्या कोणत्याही सोयीच्या वेळी, जेवणाआधी किंवा नंतर चालते, आणि वेळ चुकली तर आठवेल तेव्हा घ्यायची असते, हे त्याला कुणी निवांत बसून सांगितलेलंच नसतं. अशी गोष्ट दवाखान्यातल्या घाईच्या तपासणीत बाहेर येत नाही. ‘तुमचा दिवस कसा जातो ते सांगा’ असं विचारणाऱ्या कार्यकर्त्यासमोर येते.

त्याच ओघात दुसरं: आम्लपित्तासाठी दुकानातून आणलेलं अँटासिड. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेलं अँटासिड डोल्युटेग्राविरबरोबर पोटात गेलं तर गोळी नीट शोषली जात नाही. गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी लागते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही असंच अंतर लागतं. जेवणासोबत मात्र त्या एकत्र चालतात. गरोदर बाई डोल्युटेग्राविर आणि लोहाची गोळी दोन्ही नियमाने आणि उपाशीपोटी एकदम घेत असेल, तर ती सगळं बरोबर करते आहे असंच तिला वाटणार. क्षयाच्या उपचारात रिफाम्पिसिन असेल तर डोल्युटेग्राविरची मात्रा दिवसातून दोनदा करावी लागते. हे बदल करणं कार्यकर्त्याचं काम नाही. पण ‘आणखी कोणत्या गोळ्या घेता, दाखवा बरं’ असं विचारून त्याच दिवशी परिचारिकेला फोन करणं हे त्याचंच काम आहे. तुमच्या डॉक्टरांना उपयोग दिसत नाही ना? इथून सुरुवात करा.

आता थोडं मागे जाते, कारण वरिष्ठांशी बोलताना हे हाताशी लागेल. एचआयव्हीच्या सेवेत समुदाय हा मागाहून चिकटवलेला भाग नाही. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर इथे एड्स असलेल्या काही जणांनी जाहीर केलं की आमच्याबद्दलच्या निर्णयांत आम्ही असलो पाहिजे. त्या वेळी उपचार नव्हतेच. युगांडात नोएरीन कालीबा आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८७ मध्ये ‘टासो’ ही संस्था उभी केली तेव्हाही नव्हते. आजारी माणसाजवळ बसणं, कुटुंबाला धीर देणं, लाज आणि भीती कमी करणं, हीच सेवा होती. १९९६ च्या सुमारास प्रभावी एकत्रित उपचार आले, तेव्हा गरीब देशांतली माणसं गोळ्या वेळेवर घेणार नाहीत असं मोठमोठे लोक म्हणत होते. हैतीतल्या कांज इथे अमेरिकी डॉक्टर पॉल फार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये गावातल्याच माणसांना शिकवून, त्यांना मोबदला देऊन, रोज घरी जाऊन सोबत करायला लावलं, आणि त्या बोलण्याला उत्तर मिळालं.

पुढे याची पद्धतशीर तपासणी झाली. युगांडात जिंजा इथे प्रशिक्षित पण डॉक्टर-परिचारिका नसलेले कार्यकर्ते घरी औषध पोहोचवत आणि लक्षणं विचारत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात विषाणू आटोक्यात राहण्याचं प्रमाण दवाखान्यात येणाऱ्यांइतकंच निघालं, आणि रुग्णांच्या खिशाला चटका कमी बसला. दक्षिण आफ्रिकेत खायेलित्शा इथे २००७ पासून तब्येत स्थिर असलेल्यांचे गट सुरू झाले: कार्यकर्ता गट चालवतो, आधीच बांधून ठेवलेली औषधं देतो, लक्षणं विचारतो, आणि माणूस लवकर मोकळा होतो. चाळीस महिन्यांच्या काळात अशा गटांतले ९७ टक्के लोक उपचारात टिकले, नेहमीच्या पद्धतीतले ८५ टक्के. मोझांबिकच्या टेटे प्रांतात २००८ मध्ये सहा-सहा जणांचे गट झाले. दर महिन्याला एकजण केंद्रात जातो, स्वतःची तपासणी करून घेतो आणि सगळ्यांची औषधं आणतो. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या आणखी एका अभ्यासात, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उपचार दवाखान्याऐवजी वस्तीतच सुरू केले आणि पुढची औषधंही तिथेच दिली. वर्षभराने ७४ टक्के लोकांचा विषाणू आटोक्यात होता, दवाखान्यात जाणाऱ्यांचं प्रमाण ६३ टक्के. पुरुषांमध्ये हा फरक जास्तच मोठा दिसला.

या सगळ्यांत मला एक धागा दिसतो. कार्यकर्त्याने जास्त समजावलं म्हणून हे घडलेलं नाही. प्रत्येक ठिकाणी रुग्णाच्या डोक्यावरचं ओझं कुणीतरी उचललं: प्रवास, रांग, बुडालेली मजुरी, एकटेपण. खायेलित्शाचा कार्यकर्ता औषध हातात देत होता, टेटेतला शेजारी औषध घेऊन येत होता. तुमचा कार्यकर्ता फक्त निरोप घेऊन जातो. या दोहोंतला फरक भरून काढणं तुमच्या हातात आहे.

म्हणून पहिला बदल हा की कार्यकर्त्याच्या हातात काही अधिकार द्या. तीन किंवा सहा महिन्यांचा साठा एकदम देता येतो का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि कोणासाठी मागणी करता येईल ते कार्यकर्त्याला सांगा. केंद्राच्या वेळेबाहेर औषध उचलता येईल अशी एखादी जागा, आठवड्यातली एक संध्याकाळ, तब्येत स्थिर असलेल्यांचा एखादा गट. यातलं जे जमेल ते. मग दारात उभा राहिलेला कार्यकर्ता ‘या’ म्हणण्याऐवजी विचारू शकतो, ‘महिन्याला येणं जमत नसेल तर वर्षातून दोनदा जमेल का?’ या प्रश्नाला माणसं खरं उत्तर देतात.

दुसरा बदल परत येणाऱ्याच्या स्वागताचा, आणि यावर मी ठाम आहे. मोठ्या खंडानंतर माणूस दारात येतो तो दिवस नाजूक असतो. त्या दिवशी जाब विचारला, ‘आधी तीन समुपदेशन सत्रं पूर्ण करा’ म्हटलं, किंवा रांगेत सगळ्यांच्या मागे पाठवलं, तर तो पुन्हा येणार नाही, आणि कार्यकर्त्यावरचा त्याचा विश्वासही जाईल. तब्येत बरी असेल तर त्याच दिवशी औषध परत सुरू व्हावं. पण आधी तपासणी हवी. खंड पडलेल्यांमध्ये आजार पुढे गेलेला असण्याचा धोका मोठा असतो. सीडी-४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारपेशींचा आकडा, दोनशेच्या खाली गेला असेल तर क्षय आणि मेंदूच्या आवरणाचा बुरशीजन्य संसर्ग आधी पाहावा लागतो. मेंदूचा असा संसर्ग किंवा मेंदूचा क्षय असेल तर एचआयव्हीची औषधं लगेच सुरू करणंच घातक ठरू शकतं. कार्यकर्त्याला यातलं निदान करायचं नाही. पण खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम सुटणं हे चार प्रश्न त्याने प्रत्येक भेटीत विचारावेत. आधाराशिवाय चालता येत नसेल, मिनिटाला तीस किंवा जास्त श्वास असतील, तापासोबत डोकं खूप दुखत असेल, तर तारखेची वाट न बघता माणसाला त्याच दिवशी केंद्रात न्यावं. एवढं शिकवायला फार वेळ लागत नाही, आणि यातून जीव वाचतात.

तिसरी गोष्ट गुप्तता. घरभेटीची परवानगी औषध सुटल्यावर विचारायची नसते, उपचार सुरू होतात त्याच दिवशी विचारायची असते. फोन केला तर चालेल का? दुसऱ्या कुणी उचलला तर आम्ही कोण म्हणून सांगायचं? घरी यायचं की बाहेर भेटायचं? तुमच्या बाजूचं, सगळं माहीत असलेलं एखादं माणूस आहे का? ही उत्तरं दर काही महिन्यांनी पुन्हा विचारावी लागतात, कारण घरं बदलतात, नाती बदलतात. ज्याने घरी येऊ नका सांगितलं आहे त्याच्या घरी जायचं नाही, यादीत नाव कितीही महिने राहिलं तरी. कार्यकर्ता फक्त एचआयव्हीच्याच कामाचा म्हणून ओळखला जात असेल तर त्याचं दारात उभं राहणं हीच जाहिरात ठरते. तोच कार्यकर्ता क्षय, रक्तदाब, गरोदरपणाची तपासणी यांसाठीही फिरत असेल तर बोट दाखवणं अवघड होतं. नावं आणि निदान एकत्र लिहिलेली वही पिशवीत घेऊन फिरणं बंद करा. फोनवरच्या सामायिक गटांत रुग्णाचं नाव, छायाचित्र, अहवाल काहीही टाकायचं नाही, ‘आपलेच सगळे आहेत’ असं कुणी म्हटलं तरी.

कार्यकर्ते कोण असावेत, याचं मला एकच एक उत्तर देता येणार नाही. स्वतः एचआयव्हीसह जगणारा कार्यकर्ता ‘मीही रोज हीच गोळी घेतो’ म्हणतो तेव्हा समोरच्याच्या चेहऱ्यावर जे घडतं ते माझ्या कितीही समुपदेशनाने घडत नाही. झिम्बाब्वेत ‘झ्वांदिरी’ कार्यक्रमात एचआयव्हीसह जगणारे १८ ते २४ वर्षांचे प्रशिक्षित तरुण किशोरवयीनांची सोबत करतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उपचार निष्फळ ठरण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण नेहमीच्या सेवेपेक्षा ४२ टक्क्यांनी कमी आढळलं. कोलकात्याच्या सोनागाछीत १९९२ पासून देहविक्री करणाऱ्या स्त्रियांनीच एकमेकींना शिकवलं, आणि पुढे काम आजारापुरतं न राहता हक्कांपर्यंत गेलं. ज्या गटाला समाजाने बाजूला ढकललं आहे, त्यात त्या गटातल्या माणसाला पर्याय नाही असंच माझं मत आहे.

पण छोट्या वस्तीत उलटही होतं. सगळ्यांना माहीत असलेला पॉझिटिव्ह कार्यकर्ता ज्या दारात थांबतो त्या दाराबद्दल कुजबूज सुरू होते. काहींना ओळखीचं कुणीच नको असतं. ते मुद्दाम लांबच्या केंद्रात जातात. म्हणून दोन्ही प्रकारची माणसं ठेवा आणि कोणाशी बोलायचं हे रुग्णाला निवडू द्या. आणि कार्यकर्त्याने आपली स्थिती जाहीर करावी ही नोकरीची अट कधीच ठेवू नका. ती कोणाला, केव्हा सांगायची हा त्याचाही हक्क आहे. त्याचं स्वतःचं औषध, स्वतःच्या तपासण्या, आजारपणाची रजा यांची काळजी केंद्राने घ्यायला हवी. इतरांच्या तारखा सांभाळताना स्वतःची तारीख मागे टाकणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत.

प्रशिक्षणात एक विषय मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन शिकवते: व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याचा, अहवाल समजावून सांगणं. नियमित औषधाने रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. ‘पार्टनर’ नावाच्या मोठ्या अभ्यासात असा एकही संसर्ग सापडला नाही. पहिला टप्पा २०१६ मध्ये आणि दुसरा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कितीतरी माणसं वर्षानुवर्षं औषध घेत असतात आणि त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. ऐकल्यावर ती गप्प होतात, मग लग्नाबद्दल, मुलाबद्दल, जवळिकीबद्दल एकामागून एक प्रश्न येतात. औषध घेत राहण्याचं याहून मोठं कारण मला माहीत नाही. मात्र नेमकंही सांगावं लागतं: हे लैंगिक संबंधांपुरतं आहे. स्तनपानात धोका खूप कमी होतो पण शून्य होत नाही, आणि सुई-सिरिंज एकमेकांची वापरण्यालाही हे लागू नाही. आणि विषाणू वाढलेला निघाला तर तो गुन्हा नाही. कारण शोधायचं, तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करायची, मग पुढचं ठरवायचं.

काय करू नये तेही सांगते. निदान घरच्यांना सांगण्याचा निर्णय कार्यकर्त्याने घ्यायचा नाही. सांगायचं असेल तर सोबत बसायचं. जोडीदाराच्या चाचणीसाठी दबाव आणायचा नाही. घरात मारहाण होत असेल तर घाईने उघड झालेली गोष्ट जिवावर बेतू शकते, म्हणून त्याबद्दल आधी एकांतात विचारायचं. आणि केंद्र पाळू शकणार नाही असं कुठलंही वचन द्यायचं नाही.

आता मोजमाप. भेटींची संख्या मोजलीत तर भेटी मिळतील. कार्यकर्ते मुद्दाम खोटं लिहितात असं मी म्हणत नाही. लक्ष्य पूर्ण करायचं असलं की माणूस सोप्या घरांकडे वळतो, अवघड घर उद्यावर जातं. मी हे पाहते: परत आलेल्यांपैकी किती जण सहा महिन्यांनी उपचारात आहेत, किती जणांचा विषाणू आटोक्यात आहे, आणि कार्यकर्त्यांनी आणलेल्या कारणांपैकी किती कारणांवर केंद्राने काहीतरी केलं. शेवटचा आकडा केंद्राचा आहे, कार्यकर्त्याचा नाही, आणि म्हणूनच तो महत्त्वाचा आहे. त्याआधी यादी साफ करा. यादीतले काहीजण दुसऱ्या केंद्रातून औषध घेत असतात, काहींची नोंद चुकलेली असते, आणि काही वारलेले असतात. मृत माणसाच्या घरी ‘औषध का नेलं नाही’ विचारायला कार्यकर्त्याला पाठवणं त्या कुटुंबावरही अन्याय आहे आणि कार्यकर्त्यावरही.

मोबदल्याबद्दल वरिष्ठांशी बोलताना जागतिक आरोग्य संघटनेचं २०१८ चं मार्गदर्शन पुढे करा. कामाच्या मागणीला साजेसा मोबदला, लेखी करार, नीट पर्यवेक्षण, हे त्यात आहे; आणि मोबदला पूर्णपणे किंवा मुख्यतः कामगिरीच्या आकड्यांवर बांधू नये असंही आहे. सेवाभाव असतोच, तो गृहीत धरून माणसाला प्रवासखर्चही खिशातून करायला लावू नये. शिवाय हे काम आतून थकवतं. ज्यांची सोबत केली ती माणसं कधी मरतात, आणि कार्यकर्त्याला दुसऱ्या दिवशी पुढच्या दारात जावं लागतं. त्याबद्दल बोलायला महिन्यातून एक वेळ राखून ठेवा, ज्यात आकड्यांचा विषय काढायचा नाही.

आतापर्यंत मी कार्यकर्त्यांबद्दल बोलले, पण समुदाय म्हणजे फक्त केंद्राने नेमलेले कार्यकर्ते नाहीत. एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे स्वतंत्र गट असतात, आणि त्यांचं काम वेगळं असतं: साठा संपला, रांगेत अपमान झाला, गुप्तता मोडली तर बोलणं. केंद्राच्या पगारावर असलेल्या कार्यकर्त्याला केंद्राविरुद्ध बोलणं जड जातं, ही अपेक्षा त्याच्यावर लादूही नये. दक्षिण आफ्रिकेत १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ने सरकारला न्यायालयात खेचलं आणि आईकडून बाळाला होणारा संसर्ग टाळणारं नेव्हिरापिन हे औषध सरकारी दवाखान्यांत द्यायला २००२ मध्ये घटनात्मक न्यायालयाच्या निकालाने भाग पाडलं. हे काम कुठल्याही केंद्राच्या कार्यकर्त्याला जमलं नसतं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२१ च्या राजकीय जाहीरनाम्यात देशांनी मान्य केलं की २०२५ पर्यंत चाचणी आणि उपचारांच्या ३० टक्के सेवा समुदायांच्या स्वतःच्या संस्थांनी द्याव्यात. पण पैशाची सोय तशी झाली नाही. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली तेव्हा अनेक देशांत वस्तीपातळीवरचे कार्यकर्ते आधी घरी बसले. तुमच्या कार्यकर्त्यांची पदं प्रकल्पाच्या निधीवर असतील तर ती नियमित आरोग्यसेवेत आणण्याची मागणी आत्तापासून लावून धरा.

सुरुवात कुठून करायची? मी तुमच्या जागी असते तर पुढच्या महिन्याची यादी वाटण्याआधी कार्यकर्त्यांना एकत्र बसवलं असतं आणि विचारलं असतं: मागच्या यादीतल्या लोकांनी तुम्हाला काय सांगितलं? त्यांची उत्तरं नावं न घेता, त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. मग डॉक्टर, परिचारिका आणि औषध देणारी व्यक्ती यांना आठवड्यातला एक तास मागा. त्या तासात दोन-तीन माणसांबद्दलच बोला, कार्यकर्त्याला स्वतः बोलू द्या, आणि उठण्याआधी प्रत्येकाबाबत केंद्र काय बदलणार ते ठरवा. डॉक्टर सुरुवातीला नको म्हणतील. त्यांच्यासमोर पहिली केस अँटासिडची किंवा रात्रपाळीच्या माणसाची ठेवा, कारण त्यात त्यांनी ठरवायचं आहे असं काहीतरी असतं. ती बैठक दोन-तीन महिने टिकली की मला कळवा; पुढचा प्रश्न बहुधा किशोरवयीन मुलांना त्यांचं निदान कसं सांगायचं हा असेल, आणि त्यावर वेगळं लिहावं लागेल.